तणनाशकानं अडलेलं वावर आणि जिवाणूंची बाटली

मोताळा तालुक्यातल्या एका शेतकरी भावानं विचारलं आहे ते थोडक्यात असं. तीन एकरांत खरिपात मका होता. अ‍ॅट्राझिन या तणनाशकाची ५० टक्के पावडर पेरणीनंतर मारली, पण पावसानं दडी मारली, तण काही मेलं नाही, म्हणून आठ दिवसांनी पुन्हा एक हात मारला. दोन्ही मिळून एकरी दीड किलो पडली. मका निघाल्यावर नोव्हेंबरच्या मध्याला हरभरा पेरला. उगवण एकदम झकास. वीस-बावीस दिवसांनी खालची पानं कडेनं पिवळी पडून करपायला लागली आणि आता पट्टेच्या पट्टे बसले आहेत. कृषी केंद्रवाला म्हणतो, माती साफ करणारे जिवाणू आले आहेत, एकरी एक लिटर सोडा, पंधरा दिवसांत औषध खलास. ते घ्यावं का? पिवळं पडलंय तर युरिया द्यावा का? येत्या खरिपात तिथं सोयाबीन येईल का? आणि विहिरीजवळ जिथं पंप धुतो तिथं दोन वर्षांपासून गवताची काडी उगवत नाही, त्याचं काय करायचं?

भाऊ, बाटलीचे पैसे तूर्त खिशातच राहू द्या. युरियाही नको. विहिरीजवळच्या जागेसाठी मात्र जिवाणूंचा खरोखर उपयोग आहे, त्याबद्दल शेवटी सविस्तर लिहितो, कारण तुमच्या चार प्रश्नांत माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पण आधी हा दोष तणनाशकाचाच आहे का, हे पक्कं करा. हरभऱ्याला आपल्याकडे मर, म्हणजे बुरशीचा रोग, लागते आणि दहातले सहा जण तणनाशकालाच शिव्या घालत माझ्याकडे येतात. एक झाड उपटा, बुंध्याजवळ ब्लेडनं उभा काप घ्या. आत काळपट-तपकिरी रेघ दिसली तर ती मर आहे, तिथं हा सगळा उपद्व्याप व्यर्थ. कोवळी, शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत ती नेहमीची. अ‍ॅट्राझिनचा मार याच्या उलट असतो. झाड उगवतं नीट, कारण दाण्यातली शिदोरी असते. मग मुळांवाटे औषध वर चढतं आणि जुन्या, खालच्या पानांची कड आधी पिवळी, मग कागदासारखी वाळते. दुसरी खूण नकाशाची. धुऱ्याशी उभं राहून वावर आडवं बघा. फवारणाऱ्याची चाल जिथं वळते, जिथं दोन पट्टे एकमेकांवर चढतात, तिथं नुकसान जास्त असेल तर रोगाचा संशय सोडा. रोगाला पंपाची चाल माहीत नसते. तुम्ही “पट्टेच्या पट्टे” लिहिलंत, तेवढ्यावरून माझा कल तणनाशकाकडे आहे.

तरी कुंड्यांची परीक्षा कराच. माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना पाठवून उपयोग नाही; तिथं सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, स्फुरद-पालाश, फार तर जस्त-लोह कळतं. तणनाशकाचा अंश मोजायला वेगळी महागडी यंत्रं लागतात आणि त्यांचा आकडा हातात आला तरी तुमच्या पिकाला तेवढा बाधतो का, हे तो सांगत नाही. कुंडी सांगते. बसलेल्या पट्ट्यातून दहा-बारा ठिकाणची वरची चार बोटं माती घ्या, एकत्र करा, सावलीत ठेवा. ज्या बादलीत औषध कालवलं तिच्यात घेऊ नका, हे सांगायला लागू नये, पण लागतं. तशीच माती धुऱ्यावरून, जिथं कधी फवारा गेला नाही तिथून घ्या. तीन जोड कुंड्या भरा: पहिली बाधित मातीची, दुसरी धुऱ्याच्या मातीची, आणि तिसरी बाधित मातीचीच, पण तीत किलोभर मातीला एक मोठा चमचा सक्रिय कोळशाची भुकटी नीट मिसळून. हा कोळसा रसायनांच्या दुकानात मिळतो. चुलीतला कोळसा कुटून चालत नाही, त्याची औषध धरण्याची ताकद फार कमी असते. प्रत्येकीत हरभऱ्याचे पाच आणि काकडीचे पाच दाणे. कुंड्या उन्हात ठेवा, सावलीत नको, कारण अ‍ॅट्राझिन पानातलं प्रकाशाचं काम अडवून झाड मारतं. उजेड नसेल तर लक्षण दिसायला वेळ लागतो.

चार आठवडे थांबा. पहिली कुंडी करपली आणि तिसरी धुऱ्याच्या कुंडीइतकी हिरवी राहिली, तर ओळखपरेड झाली. कोळशानं मातीतलं औषध धरून ठेवलं, म्हणून झाड वाचलं. तिन्ही करपल्या तर भानगड बियाण्यात नाहीतर पाण्यात आहे. शंभर-दोनशे रुपयांत होणारी ही परीक्षा मला कुठल्याही अहवालापेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

आता जिवाणूंकडे येतो. कृषी केंद्रवाला साफ खोटं बोलत नाहीये. अ‍ॅट्राझिन खाणारे जिवाणू आहेत, आणि त्यांची गोष्ट आमच्या धंद्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे. हे औषध १९५०च्या दशकाच्या शेवटी बाजारात आलं. त्याआधी सृष्टीत असा रेणू नव्हताच, म्हणजे तो खायची सवय कुठल्या जीवाला असायचं कारण नाही. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात तणनाशक सांडून मुरलेल्या जागेच्या मातीतून संशोधकांनी स्यूडोमोनास जातीचा एक जिवाणू वेगळा काढला आणि १९९५ मध्ये तो जगासमोर आला. एडीपी हे त्याचं नाव. तो अ‍ॅट्राझिनवरचा क्लोरिन आधी काढून टाकतो. एवढ्या एका घावानं औषधाची नांगी मोडते. उरलेला हायड्रॉक्सी-अ‍ॅट्राझिन तण मारत नाही आणि पीकही मारत नाही. मग दोन्ही बाजूंच्या शेपट्या तोडतो, उरतं सायन्युरिक आम्ल, तेही फोडून शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि अमोनिया. जे विकर, म्हणजे एन्झाइम, पहिला घाव घालतं, ते मेलामीन तोडणाऱ्या एका दुसऱ्या विकराचं सख्खं भावंड आहे. अमिनो आम्लांच्या ४७५ दुव्यांच्या साखळीत फक्त ९ दुव्यांचा फरक. म्हणजे माणसानं नवं विष आणलं आणि काही दशकांत मातीनं जुन्या हत्याराला धार लावून त्याच्यावर उतारा काढला. हे काम करणारी जनुकं प्लाझ्मिड नावाच्या, जिवाणूंना एकमेकांना देता येणाऱ्या डीएनएच्या कड्यावर असतात. त्यामुळे ही विद्या एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे उसनवारीनं पसरते. नंतर जवळजवळ तीच जनुकं वेगवेगळ्या खंडांतल्या मातीत सापडली.

याचा तुमच्याशी संबंध असा, की ज्या वावरात वर्षानुवर्षं मका नाहीतर ज्वारीवर अ‍ॅट्राझिन पडत आलं, तिथं ते खाणारे बहुतेक वेळा आधीच वस्तीला असतात. जगभरच्या मक्याच्या पट्ट्यांत तर उलटी तक्रार ऐकू येते की औषध आता लवकर संपतं, तण पुन्हा उठतं. मग तुमच्याकडे का नाही संपलं?

त्याचं उत्तर पावसात आणि जमिनीत आहे. अ‍ॅट्राझिनचं अर्धं आयुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ओल आणि ऊब नीट असेल तर साधारण दोन महिने धरतात. आता हिशेब करू. दीड किलो पावडर म्हणजे ७५० ग्रॅम मूळ औषध. एकराच्या वरच्या ५ सेंमी मातीचं वजन अडीच लाख किलोच्या आसपास भरतं. म्हणजे किलोभर मातीत जवळपास ३ मिलिग्रॅम. जुलै ते नोव्हेंबर चार महिने. दोनदा निम्मं झालं असतं तर पाऊण मिलिग्रॅमवर आलं असतं. पण तुम्हीच लिहिता की पावसानं दडी मारली. कोरड्या मातीत जिवाणू झोपलेले असतात, घड्याळ थांबतं. समजा एकदाच निम्मं झालं, तर दीड मिलिग्रॅम उरलं, आणि जिथं पट्ट्यावर पट्टा चढला तिथं त्याच्या दुप्पट. हरभऱ्यासारख्या नाजूक पिकाला हे जड जाणारच.

त्यात आपली काळी जमीन. सामू (पीएच) ८ च्या पुढे-मागे. आम्लधर्मी मातीत अ‍ॅट्राझिन काही प्रमाणात जिवाणूंशिवायसुद्धा पाण्याशी प्रक्रिया होऊन मोडतं, शिवाय मातीला चिकटून बसतं. आपल्या विम्लधर्मी जमिनीत या दोन्ही गोष्टी कमी होतात. औषध मोकळं राहतं आणि मुळाला सापडतं. सोयाबीनवाल्यांनी हेही ऐकून ठेवावं: क्लोरीम्युरॉनसारखी, एकरी पुडीभर मारायची जी सल्फोनिलयुरिया गटातली औषधं आहेत, तीही आम्ल मातीत लवकर आणि आपल्या मातीत सावकाश मोडतात. डब्यावरचं “पुढच्या पिकाला सुरक्षित” हे कुठल्या मातीत, हा प्रश्न दुकानात विचारायची सवय लावून घ्या. ग्लायफोसेटचं उलट आहे. ते चिकणमातीला इतकं घट्ट धरून बसतं की मुळावाटे पुढच्या पिकाला त्रास क्वचित होतो. त्याचे बाकी वाद वेगळे, ते इथं नको.

आता बाटली. चांगल्या द्रवरूप जिवाणू खतात मिलिलिटरला १० कोटी जिवाणू असावेत अशी अपेक्षा असते. तुमची बाटली तेवढी ताजी आणि प्रामाणिक आहे असं धरू. एक लिटरमध्ये झाले १० हजार कोटी. ऐकायला छाती दडपते. पण एकराची वरची १५ सेंमी माती म्हणजे सुमारे ८ लाख किलो, म्हणजे ८० कोटी ग्रॅम. भागाकार करा: ग्रॅमला १२५ जिवाणू. त्याच एका ग्रॅममध्ये आधीपासून कोटीनं, कधी शंभर कोटींपर्यंत, तुमचे गावकरी जिवाणू बसलेले आहेत, आणि त्यांना खाणारे एकपेशीय प्राणीही. जत्रेत १२५ पाहुणे सोडल्यासारखं आहे ते. ग्रॅमला निदान १० लाख न्यायचे तर अशा ८ हजार बाटल्या, म्हणजे पाण्याचा एक टँकर भरून कल्चर लागेल, तेही एका एकराला.

मग रायझोबियमची, म्हणजे कडधान्याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या जिवाणूंची, छोटी पुडी कशी काम करते, असं तुम्ही विचाराल. ती बियाला चोळतो म्हणून. तिला अख्खं वावर जिंकायचं नसतं, फक्त उगवणाऱ्या मुळाजवळ हजर राहायचं असतं, आणि ते मूळ तिला खाऊ घालतं. जिवाणू सोडायचेच असतील तर हाच मार्ग धरा: बियाभोवती किंवा तासात, शेणखतात कालवून, पाऊस पडल्यावर, संध्याकाळी. आणि विकणाऱ्याला विचारा की यात कुठल्या जातीचे जिवाणू आहेत, ते नेमकं कुठलं तणनाशक तोडतात, मिलिलिटरला किती आहेत आणि मुदत कधी संपते. “सगळीच औषधं तोडतात” असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघा. अ‍ॅट्राझिन तोडणारं हत्यार २,४-डी या दुसऱ्या तणनाशकाला चालत नाही, आणि हवेतलं नत्र धरता येतं किंवा स्फुरद विरघळवता येतं म्हणून कुणाला तणनाशक पचवता येतं असं होत नाही.

हा शहाणपणा मला फुकट मिळालेला नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात राळेगावकडच्या एका वावरात मी मोठ्या हौसेनं दोनशे लिटरचा ड्रम भरून कल्चर नेलं होतं. प्रयोगशाळेत त्यानं बाटलीतलं अ‍ॅट्राझिन तीन दिवसांत फस्त केलं होतं. पण आमचा निधी मार्चअखेर आला, कल्चर वाढवेपर्यंत मे उजाडला, आणि आम्ही ते मेमध्येच सोडलं, कारण कागदावर तसं लिहिलं होतं. विदर्भातला मे तुम्हाला सांगायला नको. दुपारी उघड्या काळ्या मातीचा वरचा थर पन्नाशी ओलांडतो. आठवड्यानं माती आणून तबकड्यांवर पसरली तर आमचा जिवाणू नावालाही सापडेना. वावराचे मालक, वयस्कर गृहस्थ, धुऱ्यावर बसून सगळं बघत होते. म्हणाले, “साहेब, तुमी तं तापल्या तव्यावर इरजन लावलं. दही काहून लागन?” मी अहवालात “प्रतिकूल वातावरणीय परिस्थिती” असं लिहिलं. त्यांचं वाक्य जास्त शास्त्रीय होतं.

विरजण हा शब्द मला तेव्हापासून चिकटला आहे. दूध कोमट असेल तर चमचाभर पुरतं. दूध उकळतं किंवा बर्फगार असेल तर वाटीभर घालूनही काही होत नाही. आपल्या वावरातलं दूध म्हणजे ओल, ऊब, हवा आणि कर्ब. जून ते सप्टेंबर ओल आणि ऊब फुकट मिळते. हवेसाठी पाणी तुंबू देऊ नका, काळ्या जमिनीत डवरा वेळेवर फिरला पाहिजे. उरला कर्ब, आणि तिथं आपण कफल्लक आहोत. कुटार विकतो, पऱ्हाट्या पेटवतो, शेणखत निम्म्या घरांत उरलेलं नाही.

कर्बाचा मुद्दा युरियाशी जोडलेला आहे. अ‍ॅट्राझिनच्या रेणूत ५ नत्राचे अणू असतात. एडीपीसारखे जिवाणू ते मुख्यतः नत्रासाठी फोडतात, जशी आपण दाण्यासाठी शेंग फोडतो. त्यांच्यासमोर युरियाचा किंवा अमोनियाचा आयता नत्र ओतला की त्यांची फोडायची यंत्रणाच मंदावते; प्रयोगशाळेत हे स्वच्छ दिसतं. म्हणून बाधित जागेत नत्र कमी आणि कर्ब जास्त असं खाणं हवं: सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार, गव्हांडा, जुनं कुजलेलं शेणखत. तसाही तुमचा हरभरा नत्राच्या उपासानं पिवळा पडलेला नाही. त्याचं स्वयंपाकघर बंद पडलंय, शिधा वाढवून काय उपयोग?

जीवामृताबद्दल विचारणारे नेहमी असतात, म्हणून तेही. मी त्याच्या विरोधात नाही. पण त्यातला दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन एकराच्या ८ लाख किलो मातीत म्हणजे काय होतं, त्याचा भागाकार आता तुम्हाला करता येतो. गोमूत्रातून नत्रही जातं. देत असाल तर द्या. तणनाशकावर उतारा म्हणून मोजू नका.

तर या तीन एकरांचं असं करा. बसलेल्या पट्ट्यांतला हरभरा आता उभा राहणार नाही; तिथं जीव काढू नका. बाकीचा चांगला असेल तर ठेवा, एक हलकं ओलीत द्या. हरभरा निघाला की वखर नाहीतर नांगर एकदा खोल, २० सेंमीपर्यंत घाला. वरच्या ५ सेंमीत साचलेलं औषध चौपट मातीत मिसळलं की त्याचं प्रमाण पाव होतं. हे साफ करणं नव्हे, पातळ करणं आहे, पण पीक वाचवायला पुष्कळदा तेवढंच पुरतं. पाण्याची सोय असेल तर उन्हाळी मका चाऱ्याला घ्या. मक्याच्या अंगात अ‍ॅट्राझिन निकामी करायची जन्मजात सोय आहे, म्हणून तर ते मक्यावर मारतात; त्याची मुळं ओल धरतात, मातीतल्या जिवाणूंना खाऊ घालतात आणि उन्हाळ्याचे बंद पडणारे तीन महिने कामाचे होतात. ताग-धैंचा इथं नको. एरवी मीच त्यांची भलामण करतो, पण ती द्विदल पिकं, बाधित जागेत तीच आधी मार खातील. मे अखेरीला कुटार आणि शेणखत, जमेल तेवढं, आधी खराब पट्ट्यांवर पसरा आणि वखरून घ्या. एक पट्टा मुद्दाम काहीही न करता तसाच सोडा. तो नसेल तर पुढच्या वर्षी फरक कशानं पडला हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही.

एक प्रयोग सुचवतो, पण दोन गुंठ्यांपुरताच. गावात कुणाचं आठ-दहा वर्षं सलग मक्याचं, दरवर्षी अ‍ॅट्राझिन खाल्लेलं आणि तरी नंतर हरभरा बिनघोर येणारं वावर असेल, तर तिथली पाच-सहा टोपली वरची माती आणा, ओलसर शेणखताच्या ढिगात मिसळा, पंधरा-वीस दिवस सावलीत ओल टिकवून ठेवा, आणि मिरगाचा पाऊस झाल्यावर खराब पट्ट्यात टाका. हेच तुमचं विरजण, आणि ते इथल्याच हवापाण्यात वाढलेलं आहे. धोका एवढाच की त्या मातीबरोबर तणाचं बी आणि मरीची बुरशीही येऊ शकते. म्हणून जिथं हरभऱ्याला मर आहे त्या वावराची माती अजिबात नको.

सोयाबीनचं उत्तर मे महिन्यातल्या कुंड्या देतील. त्याच पद्धतीनं पुन्हा भरा, या वेळी हरभऱ्याच्या जागी सोयाबीन. हिरवं राहिलं तर बिनधास्त पेरा. कड पिवळी झाली तर त्या पट्ट्यांत आणखी एक हंगाम मका नाहीतर ज्वारी, अ‍ॅट्राझिनशिवाय, डवऱ्यावर. तूर आणि मूग-उडीदही अशा मातीत भरवशाचे नाहीत. एका चांगल्या पावसाळ्यानंतर, सप्टेंबरपर्यंत जमीन ओली राहिली तर, बहुतेक वावरं मोकळी झालेली मी पाहिली आहेत.

आता विहिरीजवळची ती जागा. तिथं वावरासारखा हिशेब लागत नाही. पंपाचं धुणं, पुड्यांचा झाडा, उरलेलं द्रावण, सगळं वर्षानुवर्षं एकाच चार हात जागेत. तिथल्या मातीतलं प्रमाण वावराच्या शेकडो पट असू शकतं आणि बाजूला पिण्याचं पाणी आहे. जिवाणूंचं तंत्र जगात खऱ्या अर्थानं कामाला आलं ते अशाच जागांवर. अमेरिकेच्या साउथ डकोटात तणनाशक सांडलेल्या मातीवर अ‍ॅट्राझिन तोडणाऱ्या विकरानं भरलेले, पण आधी मारून टाकलेले जिवाणू वापरले होते, म्हणजे जित्या जिवाणूच्या प्रसाराची भीती नको. ८ आठवड्यांत अ‍ॅट्राझिन ५२ टक्क्यांनी उतरलं. सोबत स्फुरद दिलं तिथं ७७ टक्क्यांनी. नुसतं स्फुरद दिलेल्या आणि काहीच न दिलेल्या वाफ्यांत म्हणण्यासारखी घट नव्हती. थोडी जागा, जास्त विष, मोजून दिलेला उपचार: हे गणित तिथं जमतं.

तुमच्याकडे ते विकर नाही, पण १९९०च्या दशकात स्वीडनच्या शेतकऱ्यांनी रूढ केलेला एक साधा उपाय आहे, पंप धुण्यासाठी जैवखड्डा. त्यांच्या मिश्रणात निम्मा गव्हाचा भुसा, पाव भाग दलदलीतली कुजलेली माती आणि पाव भाग शेतातली माती असते. आपण दोन टोपली कुटार, एक टोपली चांगलं कुजलेलं शेणखत, एक टोपली माती असं घेऊ. कुटारावर वाढणाऱ्या बुरश्या लाकडासारखे चिवट पदार्थ तोडतात, त्याच झपाट्यात तणनाशकही तुटतं. शेणखत औषध धरून ठेवतं, खाली जाऊ देत नाही. माती जिवाणू पुरवते. विहिरीपासून आणि नाल्यापासून शक्य तितका लांब, उंचवट्यावर, दोन हात खोल खड्डा घ्या. तळाला आणि बाजूंना जाड ताडपत्री घाला, कारण काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि भेग म्हणजे विहिरीकडे जाणारी वाट. मिश्रण भरा, पाणी शिंपडून महिनाभर मुरू द्या, वर हरळी लावा. पावसाळ्यात वरून पत्रा, नाहीतर खड्ड्याचं डबकं होतं आणि हवा संपली की काम थांबतं. यापुढे पंप इथंच धुवायचा, एका वेळी थोडं पाणी. मिश्रण बसत जातं, दरवर्षी वर कुटार-शेणखताची भर घाला.

जुन्या जागेची वरची वीतभर माती खोऱ्यानं काढून याच मिश्रणात थोडी-थोडी, टोपल्यामागे टोपलं, मिसळून मुरवता येईल. सगळी एकदम टाकली तर खड्ड्यातले जिवाणूही बसतील. हातात मोजे, तोंडाला फडकं, आणि काम झाल्यावर अंघोळ. २०१७ मध्ये यवतमाळला फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त माणसं गेली, ती कीटकनाशकं होती हे खरं, पण उघड्या अंगानं औषध हाताळायची सवय तीच आहे. विहिरीचं पाणी पिण्यात असेल तर ते तपासून घ्या, आणि तोवर प्यायला दुसरीकडचं आणा.

शेवटी फवाऱ्याचं. मक्याला एकरी ४०० ते ८०० ग्रॅम पावडर एवढीच शिफारस आहे. ते कोरड्या मातीवर काम करत नाही, मुळाला पोचायला ओल लागते. पाऊस लांबला तर तण वाचतं, औषध मात्र तसंच पडून राहतं, संपलेलं नसतं. म्हणून “लागू पडलं नाही” असं वाटलं की दुसरा हात मारण्याऐवजी डवरा काढायचा. फवारणाऱ्याला आधी साध्या पाण्याचा पंप देऊन एका गुंठ्याला किती लागतं ते मोजा. आमच्याकडे दोन भाऊ एकाच पंपानं एकाच वावरात फवारतात आणि एकाचं पाणी दुसऱ्याच्या दीडपट जातं.

कुंड्या याच आठवड्यात भरा, थंडी वाढली की उगवणीला उगाच वेळ लागेल. हरभरा पेरला त्याच गोणीतलं बी घ्या, नवीन आणू नका, म्हणजे बियाण्याची शंकाही त्यातच मिटेल. आणि प्रत्येक कुंडीवर चुन्यानं खूण करा. मागच्या वर्षी एकानं तिन्ही जोड बरोबर भरले आणि चौथ्या आठवड्यात मला फोन करून विचारलं, साहेब, यातली कोळशाची कोणती?